‘प्रोग्रामर’ असा धंदाच नाही म्हणे!



शाळेचा दाखला असो, लग्नाची नोंदणी असो की कर्जाचा अर्ज असो, त्यात एक रकाना हमखास असतो : व्यवसाय. गिरणी कामगार, सफाई कामगार, रेल्वेतला खलाशी, शिक्षिका, परिचारिका, जे असेल ते आपण तिथे लिहितो. त्या एका शब्दावरून खिडकीपलीकडचा कारकून माणसाला जोखतो, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. पण एखाद्याने आपला खराखुरा धंदा लिहावा आणि कारकुनाने कागद परत करून सांगावे, ‘असा धंदाच नाही, दुसरे काहीतरी लिहा’, असे कधी ऐकले आहे काय?

१९५७ साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात असे घडले. एक तरुण लग्नाची नोंद करायला गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याला व्यवसाय सांगावा लागला. त्याने ‘प्रोग्रामर’ असे सांगितले. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. असा व्यवसाय अस्तित्वातच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी त्या तरुणाच्या लग्नाच्या दाखल्यावर ‘सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी नोंद झाली. पुढे पंधरा वर्षांनी, १९७२ साली, याच न मानलेल्या धंद्यातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार त्याच माणसाला मिळाला. पुरस्काराच्या भाषणात त्यांनी हा किस्सा स्वतःच सांगितला.

त्यांचे नाव प्राध्यापक एड्सगर डायक्स्ट्रा. या आठवड्यात आम्ही त्यांची आठवण काढणार आहोत.

कोणी विचारील, हॉलंडच्या प्राध्यापकाशी आपला काय संबंध? संबंध आहे. आज आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली-मुलगे संगणक शिकतात. कोणी बी.एस्सी. करते, कोणी पॉलिटेक्निकला जाते, कोणी नोकरीला लागलेले असते. त्यांच्या पुस्तकांत डायक्स्ट्रा हे नाव येतेच. मुलगी रात्री पाठ करत असते, आई बाजूला भाकरी थापत असते, आणि हा कोण बाबा ते तिला ठाऊक नसते. ‘पोर कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच आपण शेजाऱ्यांना सांगतो. त्या ‘मध्ये’ म्हणजे नेमके काय, हे या एका माणसाच्या आयुष्यातून बरेच उलगडते.

आईचा पाच ओळींचा नियम

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आई गणित शिकलेली. तिने नोकरी कधी केली नाही, पण गणित सोडले नाही. एकदा मुलाने आईला विचारले, त्रिकोणमिती अवघड असते का? आईने सांगितले, सूत्रे सगळी नीट शिकून घे, आणि एखादी गोष्ट सिद्ध करायला पाच ओळींपेक्षा जास्त लागू लागल्या, तर आपली वाट चुकली असे समज. हा पाच ओळींचा नियम मुलाने जन्मभर सांभाळला. लांबलचक, गुंतागुंतीचे उत्तर म्हणजे हुशारी नव्हे, सोपे आणि नेटके उत्तर म्हणजे हुशारी, असे ते म्हातारपणीही शिकवीत होते. या शिकवणीचा उगम विद्यापीठात नव्हता, घरात होता. नोकरी न करणाऱ्या बाईच्या ज्ञानाला आपण कमी लेखतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

डायक्स्ट्रा दहा वर्षांचे झाले त्याच आठवड्यात जर्मनीने हॉलंडवर चढाई केली आणि १४ मे १९४० रोजी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले. बालपण युद्धात गेले. शाळा संपली तेव्हा त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधी व्हायचे होते. पण विज्ञानातले गुण इतके उत्तम होते, की सगळ्यांच्या सल्ल्याने ते लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ साली वडिलांनी त्यांना इंग्लंडमधल्या केंब्रिजला तीन आठवड्यांच्या एका वर्गाला पाठवले. विषय होता, यंत्राला गणित करायला कसे सांगायचे. पुढचे आयुष्य त्या तीन आठवड्यांनी ठरवले.

मार्च १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते प्रोग्रामर म्हणून लागले. हॉलंडमधले ते पहिले प्रोग्रामर मानले जातात. तिथे यंत्र अजून धड तयारही नव्हते. शेजारी सोबती यंत्र बांधत होते आणि हे आधीच कागदावर त्याच्यासाठी सूचना लिहीत होते. चालवून बघण्याची सोयच नसल्यामुळे लिहिलेले डोक्यात तपासून पाहावे लागे. ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

दोन दगडांवर पाय

तीन वर्षे गेल्यावर त्यांना चिंता पडली. इकडे भौतिकशास्त्र, तिकडे प्रोग्रामिंग. दोन दगडांवर पाय किती दिवस ठेवणार? शिवाय प्रोग्रामिंगला शास्त्र म्हणून कोणी ओळखतच नव्हते. यंत्र बांधणाऱ्या सोबत्यांना कोणी ‘तुम्ही कोण’ विचारले तर ते इंजिनिअर म्हणून सांगू शकत होते. आपल्याला कोणी विचारले तर आपण कोरड्या हाताने उभे राहू, असे त्यांना वाटे. आपल्या वरिष्ठांना, प्राध्यापक व्हॅन वाइनगार्डन यांना, त्यांनी मन मोकळे करून हे सांगितले. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, की आजवर असे शास्त्र नाही हे खरे; पण ही यंत्रे आता जाणार नाहीत, आपण अगदी सुरुवातीला उभे आहोत, आणि या कामाला मान मिळवून देणाऱ्यांपैकी तूच एक का होऊ नयेस? डायक्स्ट्रा यांनी लिहिले आहे, की त्या भेटीने आपले आयुष्य वळले. त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास लवकर उरकून टाकला आणि या कामाला वाहून घेतले.

आम्हाला या प्रसंगाचे मोल फार वाटते. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते सोडून प्रतिष्ठेच्या कामाकडे पळण्याचा रस्ता त्यांच्यापुढे मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. आपल्या कामाला प्रतिष्ठा मिळेल इतके ते चांगले करायचे, हा दुसरा रस्ता त्यांनी धरला. आणि तो दाखवायला एक मोठा माणूस त्या दिवशी वेळ काढून ऐकत बसला होता.

कॉफीच्या टेबलावरचे वीस मिनिटे

त्याच गणित केंद्रात आकडेमोड करणाऱ्या तरुण मुली होत्या. त्यांतल्या एकीशी, मारिया डेबेट्स यांच्याशी, त्यांचे लग्न ठरले. घरचे त्यांना रिया म्हणत. १९५६ साली एके दिवशी दोघे ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले. फिरून दमले आणि एका उपाहारगृहाच्या बाहेर कॉफी घेत बसले. त्या दिवसांत केंद्राचे नवे यंत्र लोकांना दाखवायचे होते, आणि सामान्य माणसालाही कळेल असा प्रश्न यंत्राकडून सोडवून घ्यायचा होता. प्रश्न असा : एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? होणारी बायको शेजारी, समोर कॉफी, हातात ना कागद ना पेन्सिल. वीस मिनिटांत त्यांनी उत्तराची रीत मनातल्या मनात बसवली. कागद नसल्यामुळे रीत सोपी ठेवणे भागच पडले, आणि म्हणूनच ती इतकी नेटकी झाली, असे ते पुढे सांगत. प्रत्यक्ष दाखवताना हॉलंडच्या ६४ गावांचा नकाशा वापरला गेला. रीत छापून आली १९५९ साली, अवघ्या तीन पानांत.

ही रीत आपण घरात बसून करून बघू. वस्तीतून दवाखान्यात जायचे आहे. वस्तीतून शाळा ४ मिनिटांवर आहे, बाजार १० मिनिटांवर. शाळेतून बाजार ३ मिनिटे, शाळेतून दवाखाना ११ मिनिटे, बाजारातून दवाखाना ५ मिनिटे. आता सर्वांत जवळचे ठिकाण आधी पक्के करायचे. ते शाळा, ४ मिनिटे. बाजाराकडून शाळेला येणे याहून लवकर होणारच नाही, कारण बाजारच १० मिनिटांवर आहे. म्हणून शाळेचा आकडा पक्का. आता शाळेत उभे राहून पुढे बघायचे. बाजार ४ अधिक ३, म्हणजे ७. आधीच्या १० पेक्षा कमी, म्हणून १० खोडून ७ लिहायचे. दवाखाना ४ अधिक ११, म्हणजे १५. उरलेल्यांत जवळचा बाजार, ७ वर पक्का. बाजारातून दवाखाना ७ अधिक ५, म्हणजे १२. पंधरा खोडा, बारा लिहा. झाले! वस्ती, शाळा, बाजार, दवाखाना, बारा मिनिटे.

सरळ दिसणारा रस्ता जवळचा असतोच असे नाही, आणि जवळचे एक एक पक्के करत गेले की दूरचे आपोआप सापडते, एवढीच त्यातली गोम. आज मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या सोयींच्या मुळाशी हीच रीत आणि तिची पुढे सुधारलेली रूपे आहेत. इंटरनेटच्या जाळ्यात निरोप कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवण्याच्या एका मोठ्या पद्धतीतही हीच रीत वापरतात. रिक्षावाले दादा आणि घरपोच सामान आणून देणारी आपली पोरे रोज त्या कॉफीच्या टेबलावरचे फळ वापरतात.

एक नळ, दोन घागरी

१९६२ साली डायक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग तिथे तेव्हा नव्हता. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक मोठे काम केले. एकच यंत्र एकाच वेळी अनेक कामे करू लागले की त्यांची एकमेकांशी टक्कर होते, ती कशी टाळायची?

ही टक्कर काय असते ते पाहा. समजा पासबुकात ५०० रुपये आहेत. एका खिडकीवर मजुरीचे १०० रुपये भरले, त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर भावाने १०० भरले. दोन्ही खिडक्यांनी आधीचा आकडा वाचला ५००. दोघींनीही १०० मिळवून लिहिले ६००. घाम गाळून मिळवलेले शंभर रुपये कुठे गेले? कोणी चोरले नाहीत, तरी गेले. यंत्रात हे क्षणाच्या काही भागात घडते आणि दिसतही नाही.

डायक्स्ट्रा यांनी उपाय घेतला रेल्वेच्या रुळावरून. एकेरी मार्गावर एक गाडी आत असताना दुसरीला सिग्नलचा हात थांबवून धरतो. पहिली बाहेर पडली की हात खाली येतो. तसाच एक सिग्नल त्यांनी प्रोग्रामच्या आत उभा केला आणि त्याला नावही रेल्वेचेच दिले : सेमाफोर. आत जाण्यापूर्वी सिग्नल बघ, बंद असेल तर थांब, बाहेर पडताना दुसऱ्यासाठी मोकळा कर. चाळीतल्या एकाच नळावर आपल्या माय-बहिणी हाच कायदा पाळत आल्या आहेत : एकीची घागर भरेपर्यंत दुसरीने घागर लावायची नाही. फरक इतकाच, की यंत्राला शहाणपण नसते, ते लिहून द्यावे लागते. रेल्वेत केबिनवर आयुष्य काढलेल्या बापाने आपल्या संगणक शिकणाऱ्या मुलीला हे अवश्य सांगावे. सेमाफोर या शब्दापुरता तरी तो तिच्या प्राध्यापकाच्या पुढे असेल!

दुसरी अडचण याहून चिवट. दोघी जावांना पोळ्या लाटायच्या आहेत. एकीने पोळपाट घेतला, दुसरीने लाटणे घेतले. दोघीही म्हणतात, आधी तू दे. दोघीही हातचे सोडत नाहीत. पोळी कोणाचीच होत नाही आणि घर उपाशी. यंत्रातली कामेही अशीच एकमेकांना अडवून कायमची ठप्प होतात. १९६५ साली डायक्स्ट्रा यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत असाच एक प्रश्न घातला होता. आज तो जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचा प्रश्न म्हणून जगभर शिकवतात. पाचांमध्ये पाचच काटे, प्रत्येकाला जेवायला दोन लागतात. प्रत्येकाने डावीकडचा एक उचलून धरला की सगळेच उपाशी. कोणी दुष्ट नसले तरी नियम चुकीचा असेल तर सगळ्यांचे नुकसान होते, हा त्याचा अर्थ.

मूठभर डाळ निवडली म्हणून

१९६८ साली त्यांचे एक छोटे पत्र एका अमेरिकन मासिकात छापून आले आणि मोठा गदारोळ झाला. त्या काळी प्रोग्राममध्ये ‘इथून तिकडे उडी मार’ अशी सूचना सर्रास देत. एखाद्या पाककृतीत ‘आता पान १२ वर जा, तिथून पान ३ वर या’ असे लिहिले तर फोडणी जळेल की नाही? प्रोग्राम वाचणाऱ्याचेही तेच होई. अशा उड्या घातक आहेत, प्रोग्राम सरळ वरून खाली वाचता आला पाहिजे, असे त्यांनी मांडले. पत्राचे गाजलेले मथळे मात्र त्यांचे नव्हे. ते मासिकाचे संपादक निकलाउस वर्थ यांनी दिले होते. पुढे ही गोष्ट सगळ्यांनी स्वीकारली. आज मुले ज्या भाषा शिकतात त्यांत या उड्यांना जवळजवळ जागा उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट ते परोपरीने सांगत. प्रोग्राम चालवून पाहिला आणि चूक सापडली, तर चूक आहे हे कळते. पण चूक सापडली नाही, म्हणजे चूक नाही असे होत नाही. कोणत्याही आईला हे पटेल. मूठभर डाळ निवडली, खडा मिळाला नाही, म्हणून पोत्यात खडा नाही असे कोण म्हणेल? म्हणून लिहितानाच विचार करून, बरोबर का आहे हे सिद्ध करत लिहा, असा त्यांचा आग्रह होता. पुष्कळ लोकांना तो अव्यवहार्य वाटला. एवढा वेळ कोणाकडे आहे, असे कारखानदार म्हणत. पण ज्या यंत्रावर रुग्णाचा श्वास, गाडीचा ब्रेक आणि मजुराची मजुरी अवलंबून आहे, तिथे त्यांचा आग्रह अव्यवहार्य म्हणता येणार नाही, असे आमचे मत आहे.

घर हेच कार्यालय

१९७३ पासून डायक्स्ट्रा बरोज या संगणक कंपनीचे संशोधक झाले. कंपनी अमेरिकेची, पण हे काम करीत न्यूनेन या गावातल्या आपल्या घरातूनच. कंपनीचे ते सर्वांत लहान संशोधन केंद्र होते : घराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासाची खोली. विद्यापीठाशी नाते त्यांनी तोडले नाही. दर मंगळवारी दुपारी तिथे सहकाऱ्यांबरोबर नवे लेख वाचून त्यावर चर्चा चाले. रिया आणि डायक्स्ट्रा यांना तीन अपत्ये. मुले मोठी होत होती, घर चालले होते आणि त्याच घरातून जगाला विचार पोचत होते.

कसे पोचत होते तेही ऐकण्यासारखे आहे. संगणकशास्त्राचा हा मोठा माणूस शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात, हाताने लिहीत असे. प्रत्येक टिपणावर आपल्या नावाची तीन आद्याक्षरे आणि क्रमांक घाली. त्याच्या प्रती काही मित्रांना टपालाने जात, ते पुढे आणखी प्रती काढून वाटत. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. शेवटचे एप्रिल २००२ मधले, म्हणजे मृत्यूच्या चार महिने आधीचे. घरात दूरदर्शन संच नव्हता, पियानो होता. संगणक त्यांनी फार उशिरा घेतला, तोही ई-मेल आणि इंटरनेट पाहण्यापुरता.

आमच्या वाचकांपैकी अनेक घरांत अजून संगणक नाही. मुलाला एकच मोबाइल, तोही भावंडांत वाटलेला. अशा पालकांना आम्ही सांगू इच्छितो, की यंत्र नसणे ही अडचण आहे, ते मिळवण्यासाठी जरूर झटावे. पण यंत्र येईपर्यंत शिक्षण थांबले असे मानू नये. ज्यांची पुस्तके तुमची मुले वाचतात त्या माणसाने आपले उत्तम काम कागदावर आणि डोक्यात केले.

१९८४ साली डायक्स्ट्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन शहरी, गेले आणि १९९९ साली निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. वर्गात खडू आणि फळा. पाठ्यपुस्तक नाही. बोलता बोलता मध्येच थांबून बराच वेळ विचार करीत, तेव्हा वर्ग शांत बसून राही. विद्यार्थ्याने सोडवलेला प्रत्येक प्रश्न बारकाईने वाचत. परीक्षा तोंडी, एकेका विद्यार्थ्याला कार्यालयात किंवा घरी बोलावून ती कित्येक तास चाले. शंभर उत्तरपत्रिका एका दुपारी तपासणाऱ्यांच्या जगात, एका विद्यार्थ्यासाठी अर्धा दिवस देणारा हा गुरू होता. सुट्टी मिळाली की डायक्स्ट्रा आणि रिया आपली फोक्सवॅगन गाडी काढून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने बघायला निघत. त्या गाडीला त्यांनी गमतीने ‘टूरिंग मशीन’ असे नाव ठेवले होते. ट्यूरिंग या थोर गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्पित यंत्राच्या नावावरचा तो विनोद. कामातला आणि घरातला माणूस त्यांनी वेगळा ठेवला नाही.

जिथे आमचे पटत नाही

माणूस थोर म्हणून त्याचे सगळेच खरे मानायचे नसते. डायक्स्ट्रा यांची जीभ फार तिखट होती. दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवताना ते मागेपुढे बघत नसत आणि त्यामुळे पुष्कळजण दुखावले. १९७५ साली त्यांनी लिहिले, की ज्यांनी आधी बेसिक ही भाषा शिकली त्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळजवळ अशक्य, त्यांची बुद्धी कायमची अधू झालेली असते. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. पुष्कळ मुलांच्या हाताला पहिल्यांदा लागली ती बेसिकच, कारण स्वस्त यंत्रावर आणि गल्लीतल्या क्लासमध्ये तीच मिळत होती. त्यांतून उत्तम काम करणारे निघालेच. सुरुवात कशी मिळाली हे मुलाच्या हातात नसते. त्यावरून त्याचा शेवट ठरवू नये. ‘यांना शिकवून उपयोग नाही’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून आले तरी ते तपासून घ्यावे, मग तो ट्यूरिंग पुरस्काराचा मानकरी का असेना.

पण त्याच टिपणात त्यांनी दुसरी एक गोष्ट लिहिली आहे, ती मात्र प्रत्येक घराने मनात कोरून ठेवावी. चांगल्या प्रोग्रामरला गणिताची आवड तर हवीच. पण त्याची सर्वांत मोठी ठेव म्हणजे आपल्या मातृभाषेवरची उत्तम पकड, असे ते म्हणतात. यात नवल काय? प्रोग्राम लिहिणे म्हणजे जे सांगायचे ते नेमके, क्रमाने, संदिग्ध न ठेवता सांगणे. ज्याला आपल्या भाषेत नेमके सांगता येत नाही, त्याला यंत्राच्या भाषेत कसे येणार?

नगरपालिकेच्या मराठी शाळेतून आलेली आपली मुले महाविद्यालयात इंग्रजीच्या भीतीने मान खाली घालून बसतात. इंग्रजी शिकलीच पाहिजे, त्यात सवलत नाही. डायक्स्ट्रा स्वतः डच भाषक, पण इंग्रजीत उत्तम लिहीत. परंतु मराठीत स्वच्छ विचार करणारे मूल मागासलेले नाही. त्याच्याजवळ या धंद्याचे पहिले भांडवल आहे, हे त्याला घरातून कळले पाहिजे.

माता-पित्यांना विनंती

आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस जेवणानंतर मुलीला किंवा मुलाला म्हणा, ‘या आठवड्यात काय शिकलास ते मला मराठीत सांग.’ सांगताना अडखळले तर हसू नका. आपल्याला कळले नाही तर ‘मला कळले नाही, पुन्हा सांग’ असे स्पष्ट म्हणा. अशिक्षित आईसमोर सेमाफोर समजावून सांगता आला, तर परीक्षकासमोर सांगता येईलच. न शिकलेले आई-बाप मुलाच्या अभ्यासात काय मदत करणार, असे म्हणतात. नेमका प्रश्न विचारणे आणि मन लावून ऐकणे, ही मदत कोणीही करू शकते. व्हॅन वाइनगार्डन यांनी त्या दिवशी याहून वेगळे काय केले होते?

आणि मूल म्हणाले, की माझ्या कामाला नाव नाही, कंत्राटावर आहे, लोकांना सांगताना लाज वाटते, तर त्याला त्या लग्नाच्या दाखल्याची गोष्ट सांगा.

२००२ सालच्या फेब्रुवारीत, कर्करोग बळावल्यावर, डायक्स्ट्रा रियांसह न्यूनेनच्या घरी परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय ७२. त्याच वर्षी त्यांच्या १९७४ सालच्या एका छोट्या लेखाला एक पुरस्कार मिळाला होता. अनेक यंत्रांच्या जाळ्यात बिघाड झाला तरी ते आपले आपण पुन्हा ताळ्यावर कसे यावे, हा त्या लेखाचा विषय. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रा यांचे नाव देण्यात आले. त्यांची हस्तलिखित टिपणे टेक्सास विद्यापीठाने जपली आहेत आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

ज्या धंद्याची नोंद घ्यायला कारकुनाने नकार दिला, तो धंदा आज लाखो घरांची चूल पेटवतो. त्यांतली काही घरे आपलीही आहेत.